केनीचं मरण आणि पिनबॉलचं जगणं

१९९९ साल उजाडलं तेव्हा पिनबॉलची मशिनं मोठ्या संख्येने बनवणाऱ्या कंपन्या जगात दोनच उरल्या होत्या, आणि दोन्ही शिकागोच्या परिसरातल्या. एक विल्यम्स, दुसरी सेगा. वर्षाच्या सुरुवातीलाच दोघींनी आपापलं नवं मशीन बाजारात आणलं. विल्यम्सच्या मशीनचं नाव ‘रिव्हेंज फ्रॉम मार्स’. त्यात वरच्या बाजूला मॉनिटर बसवून त्याचं प्रतिबिंब काचेत पाडलं होतं. त्यामुळे मंगळावरचे हिरवे प्राणी थेट खेळाच्या फळीवर उभे राहिल्यासारखे दिसायचे आणि खरा पोलादी बॉल त्यांच्यावर आदळतोय असा भास व्हायचा. पिनबॉलमध्ये इतकं नवं काही कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

सेगाच्या मशीनमध्ये एक प्लास्टिकचं कमोड होतं. त्यात राहत होता मिस्टर हँकी, ख्रिसमसची लाल टोपी घालणारा, गोड आवाजात बोलणारा विष्ठेचा एक तुकडा. मशीनचं नाव ‘साउथ पार्क’.

२५ ऑक्टोबर १९९९ रोजी विल्यम्सने आपला पिनबॉल विभाग कायमचा बंद केला. ‘रिव्हेंज फ्रॉम मार्स’ची सुमारे सात हजार मशिनं विकली गेली होती, पण कंपनीला कॅसिनोतल्या स्लॉट मशीनमध्ये जास्त पैसा दिसत होता. पिनबॉलचे शौकीन १९९९ची गोष्ट सांगतात ती बहुधा इथवरच. त्यावर ‘टिल्ट’ नावाचा माहितीपट निघाला आणि विल्यम्सच्या अभियंत्यांची ती अखेरची धडपड तो पाहणाऱ्यांच्या मनात कायमची ठसली. ते योग्यच आहे. पण त्याच वर्षाचा दुसरा अर्धा भाग फारसा कुणी सांगत नाही. पिनबॉल हा धंदा म्हणून आणि हातची कला म्हणून टिकला तो कमोडवाल्या कारखान्यात. तिथे तो कसा टिकला, आणि त्यात वाह्यात समजल्या गेलेल्या टीव्हीवरच्या कार्टूनांचा वाटा किती होता, हे सांगण्याजोगं आहे.

आपल्याकडे पिनबॉल ठाऊक आहे तो मुख्यतः कॉम्प्युटरवरचा. विंडोज एक्सपीच्या काळात ऑफिसात, सायबर कॅफेत, घरच्या पहिल्यावहिल्या पीसीवर ‘स्पेस कॅडेट’ नावाचा खेळ आयताच मिळायचा, आणि अनेकांचे दुपारचे तास त्यात गेले. खरं मशीन वेगळं असतं. सुमारे साडेसहा अंशांनी उतरती लाकडी फळी, तिच्यावर काच, आणि आत साधारण ८० ग्रॅम वजनाचा, २७ मिलिमीटर व्यासाचा पोलादी बॉल. फळीच्या पोटात विजेची गुंडाळी असलेले सोलेनॉइड. बॉल स्विचवरून गेला की सोलेनॉइड झटका देतो, बंपर थाडकन उडतो, दिवा लागतो, आकडा वाढतो. एका मशीनमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास सुटे भाग आणि जवळजवळ अर्धा मैल वायर असते असं शिकागोतले कारखानदार सांगतात. खेळणाऱ्याच्या हाती फक्त दोन बटणं, त्यांनी हलणारे दोन फ्लिपर, आणि मशीनला हलकासा धक्का देण्याची मुभा. धक्का जास्त झाला की आत टांगलेला लोलक कड्याला टेकतो आणि मशीन ‘टिल्ट’ होऊन बंद पडतं.

या खेळाचं मूळ बगाटेलमध्ये, म्हणजे आपल्याकडेही घरोघरी पाहिलेल्या खिळ्यांच्या लाकडी बोर्डात आहे. १८७१ मध्ये सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने त्याला स्प्रिंगचा प्लंजर जोडून पेटंट घेतलं. १९३१ मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने ‘बॅफल बॉल’ काढला आणि मंदीच्या त्या दिवसांत तो हजारोंनी खपला. फ्लिपर यायला मात्र १९४७ उजाडावं लागलं. तोपर्यंत पिनबॉल हा बऱ्याच अंशी नशिबाचाच खेळ होता, आणि त्याची किंमत त्याला चुकवावी लागली.

जानेवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला ग्वार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी आणली. हा जुगार आहे, गुंडांच्या टोळ्या त्यावर पोसल्या जातात आणि शाळकरी पोरांच्या डब्याचे पैसे त्यात जातात, असं त्यांचं म्हणणं होतं. पोलिसांनी धाडी घालून हजारो मशिनं जप्त केली. हातात घण घेऊन मशीन फोडताना महापौरांनी स्वतःचे फोटो काढून घेतले. लॉस एंजेलिसमध्ये बंदी होती. मशिनं जिथे बनत त्या खुद्द शिकागोतही ती खेळायला बंदी होती. न्यूयॉर्कची बंदी चौतीस वर्षं टिकली. १९७६च्या एप्रिलमध्ये रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराला नगर परिषदेच्या समितीसमोर मशीन खेळून दाखवायला बोलावलं गेलं. हा कौशल्याचा खेळ आहे हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्याने प्लंजर ओढण्याआधीच सांगितलं की बॉल वरच्या मधल्या वाटेतून खाली येईल. बॉल तिथूनच आला. बंदी उठली.

याच रॉजर शार्पने पुढे विल्यम्समध्ये परवान्यांचं, म्हणजे लायसन्सिंगचं काम पाहिलं. सिनेमा आणि टीव्हीच्या कंपन्यांकडून त्यांची पात्रं मशीनवर वापरण्याचे हक्क मिळवायचे, हे ते काम. बंदीच्या काळातून आलेल्या माणसाने त्या कामाला हात घालावा यात एक संगती आहे. लोकांच्या नजरेत पिनबॉल हा कळकट अड्ड्यावरचा खेळ होता. ओळखीचा चेहरा दिसला की नवखा माणूस मशीनजवळ येतो, हे शार्पइतकं कुणाला कळणार? विल्यम्सने १९८८ मध्ये बॅली या जुन्या कंपनीचा पिनबॉल विभाग विकत घेतला होता. त्या बॅलीच्या नावाने १९९२ मध्ये निघालेलं ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ २०,२७० इतकं खपलं. पॅट लॉलरने बनवलेल्या त्या मशीनचा विक्रम आजच्या पद्धतीच्या मशीनमध्ये अजून कुणी मोडलेला नाही.

आता दुसऱ्या कारखान्याकडे वळायला हवं.

गॅरी स्टर्न पिनबॉलच्या घरातच वाढला. त्याचे वडील सॅम स्टर्न हे विल्यम्सचे एके काळचे भागीदार. पुढे बापलेकांनी ‘स्टर्न इलेक्ट्रॉनिक्स’ चालवली, पण व्हिडिओ गेमच्या लाटेत आणि त्यानंतरच्या पडझडीत ती १९८०च्या दशकाच्या मध्यावर बंद पडली. गॅरीने हार मानली नाही. जपानी कंपनी ‘डेटा ईस्ट’च्या पाठबळावर त्याने १९८६ मध्ये शिकागोत नवा पिनबॉल कारखाना उभा केला. त्याच्याबरोबर होता जो कॅमिन्काऊ, मशीनची कल्पना लढवणारा आणि परवान्यांच्या मागे हात धुऊन लागणारा माणूस. विल्यम्सकडे पैसा होता, नामवंत डिझायनर होते. डेटा ईस्टकडे त्यातलं फारसं काही नव्हतं, म्हणून त्यांनी इतरांच्या आधी जाऊन ओळखीची नावं मिळवायचा मार्ग धरला.

१९९० मध्ये त्यांनी ‘द सिम्पसन्स’ आणलं.

ते किती लवकर आलं याचा अंदाज तारखांवरून येतो. मॅट ग्रोनिंगचं हे पिवळं कुटुंब १९८७ पासून ट्रेसी उलमनच्या कार्यक्रमात छोट्या तुकड्यांत दिसत असलं, तरी स्वतंत्र मालिका सुरू झाली १७ डिसेंबर १९८९ला. वर्षभरात त्याचं पिनबॉल मशीन बारमध्ये पोहोचलं होतं. कोनामीचा सिम्पसन्सवरचा गाजलेला व्हिडिओ गेमसुद्धा त्यानंतरचा, १९९१चा. १९९० हे वर्ष बार्ट सिम्पसनचं होतं. त्याच्या टी-शर्टवर नापास होण्याचा अभिमान मिरवणारा मजकूर असायचा, आणि अमेरिकेतल्या काही शाळांनी ते टी-शर्ट घालून यायला पोरांना मनाई केली. जानेवारी १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर भाषणात म्हटलं की अमेरिकन कुटुंबं जुन्या मालिकेतल्या सालस वॉल्टन कुटुंबासारखी व्हावीत, सिम्पसनांसारखी कमी. मालिकेने काही दिवसांतच टीव्हीवरून त्यांना उत्तर दिलं. आमचंही वॉल्टनसारखंच आहे, आम्हीही मंदी संपायची वाट पाहतोय, अशा अर्थाचं.

शाळेच्या मुख्याध्यापकांपासून राष्ट्राध्यक्षांपर्यंत सगळे ज्या कार्टूनवर नाराज होते, ते अशा खेळाच्या अंगावर चढलं होतं ज्याच्यावर पन्नास वर्षांपूर्वी पोरांना बिघडवण्याचा हाच आळ आला होता. कॅमिन्काऊ आणि एड सेबुला यांनी बनवलेलं १९९०चं ते मशीन खेळ म्हणून साधारणच होतं. तेव्हा मशीनवर चित्र दाखवणारा पडदा नव्हता, फक्त अक्षरं आणि आकडे उमटणारी पट्टी होती. विनोदाला जागा होती ती आवाजात आणि रंगवलेल्या काचेवर. पण त्यातून कारखान्याला एक गोष्ट समजली. वात्रट कार्टून या यंत्राला मानवतं.

का मानवतं, याची कारणं यंत्राच्या रचनेतच सापडतात. बॉल फ्लिपरवर येतो, उडतो, रॅम्प चढून परत येतो, यात दोन-तीन सेकंद जातात. मशीनला जे काही बोलायचं असेल ते तेवढ्या वेळात. लांबलचक संवादावर चालणारी गंभीर कथा तिथे मावत नाही. उलट कार्टून मालिकांचा विनोद छोट्या, तडकाफडकी वाक्यांवर उभा असतो, आणि ती वाक्यं शंभरदा ऐकली तरी चालतात. दुसरं कारण त्याहून खोल आहे. पिनबॉलमध्ये हरणं ठरलेलंच असतं. कितीही निष्णात खेळाडू असो, बॉल शेवटी मधल्या फटीतून खाली जातो. अशा क्षणी गंभीर नायकाचं मशीन खेळणाऱ्याला नुसतंच हरवतं. होमर सिम्पसन कपाळावर हात मारून घेतो आणि खेळणाऱ्याच्या हरण्यात सामील होतो.

१९९४ मध्ये सेगाने डेटा ईस्टचा पिनबॉल विभाग विकत घेतला. माणसं तीच, कारखाना शिकागोलगतच्या मेलरोझ पार्कचा, फक्त पाटी बदलली. मात्र बाजार वेगाने आटत होता. बारमालकांना व्हिडिओ गेम परवडत होते, कारण त्यांना रोज पुसावं लागत नाही, रबराच्या रिंगा बदलाव्या लागत नाहीत, गुंडाळ्या जळत नाहीत. घरोघरी प्लेस्टेशन आलं होतं. १९९६ मध्ये गॉटलिबचं नाव चालवणारी कंपनी बंद पडली. त्याच सुमारास कॅपकॉमनेही पिनबॉलमधून अंग काढून घेतलं. उरले ते दोघे, ज्यांच्यापासून ही गोष्ट सुरू झाली.

‘साउथ पार्क’ ही मालिका १३ ऑगस्ट १९९७ला कॉमेडी सेंट्रल या केबल वाहिनीवर सुरू झाली. ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन हे कोलोराडो विद्यापीठातले दोन मित्र. १९९५ मध्ये टीव्हीतल्या एका अधिकाऱ्याने त्यांच्याकडून ख्रिसमस शुभेच्छापत्र म्हणून एक छोटी फिल्म बनवून घेतली. त्या फिल्मच्या कॅसेटच्या कॉप्या हातोहात फिरल्या, आणि त्यातून मालिका जन्मली. पहिला भाग रंगीत कागदाचे तुकडे कापून, ते इंचाइंचाने सरकवत चित्रित केला होता. त्याला सुमारे तीन महिने लागले. पुढचे भाग कॉम्प्युटरवर झाले, पण दिसणं तसंच कागदी, ओबडधोबड ठेवलं. चार शाळकरी पोरं, तोंडात कायम शिव्या, आणि त्यांतला केनी जवळजवळ प्रत्येक भागात मरतो आणि पुढच्या भागात काहीच घडलं नसल्यासारखा परत येतो. फक्त प्रौढांसाठी असा शिक्का बसलेली अमेरिकन टीव्हीवरची ही पहिली साप्ताहिक मालिका. शाळांनी पुन्हा टी-शर्टांवर बंदी आणली. १९९८ मध्ये त्या चौघांतल्या कार्टमनच्या बाहुल्या, किल्ल्यांच्या साखळ्या आणि मग यांनी दुकानं भरून गेली होती.

कॅमिन्काऊच्या चमूने हा परवाना घेतला. मालिकेवरचा सिनेमा यायच्या काही महिने आधी मशीन तयार झालं.

पोरांच्या आणि त्यांच्या लाडक्या शेफच्या प्लास्टिकच्या मूर्ती फळीवर उभ्या केल्या होत्या आणि कमोड ठळकपणे दिसेल असं ठेवलं होतं. वरच्या पट्टीत तेव्हाचा नारिंगी ठिपक्यांचा पडदा, १२८ गुणिले ३२, म्हणजे एकूण ४,०९६ ठिपके. या पडद्यावर सिनेमातले हाडामांसाचे चेहरे दाखवताना कारागिरांचा जीव मेटाकुटीला यायचा, कारण नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो हेच कळायचं नाही. साउथ पार्कची पात्रं मात्र मुळातच गोल डोकी आणि ठिपक्यांएवढे डोळे अशी. कागदातून कापलेली माणसं ठिपक्यांच्या पडद्यावर अगदी स्वतःसारखी दिसली. मालिका जशी झटके देत हलायची, तसाच पडदाही हलायचा.

आणि केनी. तो मेला की त्याचे मित्र ओरडतात आणि मारणाऱ्यांना शिवी घालतात, हा मालिकेचा ठरलेला विधी. मशीनने तो जसाच्या तसा उचलला. पिनबॉलमध्ये बॉल जातो आणि पुढच्या क्षणी दुसरा प्लंजरपाशी येऊन उभा राहतो. मरायचं आणि लगेच परत यायचं, हा या खेळाचा १९३१ पासूनचा नियम. पार्कर आणि स्टोन यांनी पिनबॉल डोळ्यांसमोर ठेवून केनी लिहिला नव्हता. पण मेलरोझ पार्कच्या लोकांना त्या पात्रात आपल्या खेळाचा गाभाच आयता मिळाला.

जाणकार खेळाडूंनी या मशीनला नाकं मुरडली. नियम सोपे, मल्टीबॉल, म्हणजे एकाच वेळी अनेक बॉल फळीवर येणं, सहज सुरू होणारं, खोली कमी. तक्रार खोटी नाही. ‘रिव्हेंज फ्रॉम मार्स’शी तुलना केली तर ‘साउथ पार्क’मध्ये तंत्राचं काहीच नवं नव्हतं. ‘व्हाइटस्टार’ नावाची सर्किटं सेगा १९९५ पासून वापरत होतं, तीच इथे होती. पण ज्याच्यासाठी मशीन बनवलं तो माणूस जाणकार नव्हता. बारमध्ये ग्लास हातात घेऊन फिरणारा, आयुष्यात कधी पिनबॉल न खेळलेला वीस-बावीस वर्षांचा तरुण काचेवर कार्टमन पाहून थांबणार होता आणि खिशातली नाणी टाकणार होता. त्याला पहिल्याच डावात कमोडमधून काहीतरी वर आलेलं दिसायला हवं होतं. सोपेपणा हा या मशीनचा मुख्य गुण होता. नवीन यंत्रणा शोधण्यात पैसा न घालवता जुन्या, स्वस्त, पूर्ण उमगलेल्या सर्किटांवर नवं सोंग चढवणं, हे त्या वर्षी कारखान्याला परवडण्याजोगं एकमेव गणित होतं.

सेगालाही पिनबॉल नकोसाच झाला होता. १९९९ मध्येच गॅरी स्टर्नने हा विभाग सेगाकडून विकत घेतला आणि त्याला आपल्या घराण्याचं नाव दिलं, ‘स्टर्न पिनबॉल’. कॅमिन्काऊ स्लॉट मशीन बनवणाऱ्या आयजीटी कंपनीत गेला आणि तिथे परवान्यांची तीच विद्या कॅसिनोसाठी वापरू लागला. ऑक्टोबरमध्ये विल्यम्सचा पिनबॉल विभाग बंद पडला. त्यानंतर एक तपाहून अधिक काळ, जर्सी जॅक कंपनीचं ‘विझर्ड ऑफ ऑझ’ २०१३ मध्ये बाजारात येईपर्यंत, पिनबॉलची मशिनं मोठ्या प्रमाणावर बनवणारी कंपनी जगात एकच होती. विल्यम्सचे बेरोजगार झालेले अनेक डिझायनर आणि प्रोग्रामर या ना त्या वाटेने तिच्या दारी आले.

त्या काळातलं सर्वांत श्रीमंत मशीन पुन्हा पिवळ्या कुटुंबाचंच निघालं. २००३चं ‘द सिम्पसन्स पिनबॉल पार्टी’ जो बाल्सर आणि कीथ जॉन्सन यांनी बनवलं, आणि त्याच्या नियमांवर जॉन्सनने केलेलं काम आजही थक्क करतं. सर्किटं तीच, ‘साउथ पार्क’मधली ‘व्हाइटस्टार’. फरक सगळा डोक्याने केलेल्या कामाचा. मुख्य फळीच्या वर एक छोटी दुसरी फळी आहे आणि तिच्यावर सिम्पसनांची बैठकीची खोली वसवली आहे. तिथे कोच आणि टीव्ही आहेत, आणि त्या टीव्हीत स्वतःचा चिमुकला पडदा बसवलेला आहे. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला हे कुटुंब धावत येऊन कोचावर बसतं, हे सगळ्या जगाला ठाऊक. मशीनमध्ये बॉल एकेक करून कोचावर जाऊन बसतात, आणि कोच भरला की मल्टीबॉल सुटतो. होमरचं डोकं, गॅरेजचं दार, अणुवीज केंद्र, कॉमिकबुकवाल्याचं दुकान, इची आणि स्क्रॅची, मोनोरेल, सिम्पसनांचं सगळं स्प्रिंगफील्ड गाव फळीवर उतरलेलं आहे. फ्लिपर पाच.

जॉन्सनने नियमांची रचना अशी केली की टीव्हीवर सुरू झालेले कार्यक्रम एकावर एक चढवता यावेत. एक चालू असतानाच दुसरा लावायचा, तिसरा लावायचा, आणि मग एका फटक्यात तिन्हींचे गुण घ्यायचे. सर्वांत शेवटी एक महाफेरी ठेवली आहे. तिचं नाव इतकी विशेषणं जोडून केलंय की ती हाकाटीच वाटावी, आणि तिथवर पोहोचणं इतकं अवघड की वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी ती पाहिली आहे. मालिकेने स्वतःचीच थट्टा करायची परंपरा पाळली, ती या नियमांतही उतरली. १९९०च्या मशीनमध्ये सिम्पसन काचेवर रंगवलेले होते. २००३च्या मशीनमध्ये विनोद खेळाच्या रचनेत शिरला. वात्रट कार्टूनला पिनबॉलमध्ये इतका न्याय याआधी मिळाला नव्हता, आणि यानंतर तो क्वचितच मिळाला.

भारतीय वाचकाला या मशीनवरची एक गोष्ट खटकणारी आहे. फळीवर अपूचं किराणा दुकान आहे. अपू नहसपीमापेटिलॉन हे मालिकेतलं भारतीय पात्र, आणि त्याचा ओढूनताणून काढलेला आवाज हँक अझेरिया या गोऱ्या नटाचा. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांना, त्यात मराठी घरांतलीही आली, शाळेत हाच आवाज काढून चिडवलं जायचं. हरी कोंडाबोलू या विनोदवीराने २०१७ मध्ये त्यावर माहितीपट केला. २०२० मध्ये अझेरियाने ते पात्र सोडलं आणि पुढच्या वर्षी जाहीर माफीही मागितली. सत्तेवरच्या माणसांची टर उडवणारा विनोद आणि दुबळ्याच्या उच्चाराची टर उडवणारा विनोद एकाच मालिकेत शेजारी नांदत होते. ‘पिनबॉल पार्टी’ उत्तम मशीन आहे आणि ते दुकानही त्यावर आहे. दोन्ही गोष्टी मान्य करूनच त्याच्याकडे पाहावं लागतं.

२००७ मध्ये स्टर्नने ‘फॅमिली गाय’ काढलं. सेठ मॅकफार्लेनची ही मालिका १९९९ मध्ये सुरू झाली, २००२ मध्ये बंद केली गेली आणि डीव्हीडींच्या तुफान खपामुळे २००५ मध्ये परत आली. मशीन बनवलं पॅट लॉलरने, ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ बनवणाऱ्या त्याच लॉलरने. विल्यम्सचा पिनबॉल विभाग बंद झाल्यावर त्याने स्वतःचा छोटा स्टुडिओ काढून स्टर्नसाठी काम सुरू केलं होतं. मोठ्या फळीच्या आत त्याने बाळ स्टुईसाठी एक इवलासा पिनबॉल बसवला, ज्याचे फ्लिपर आणि बॉलसुद्धा छोटे. पुढच्याच वर्षी कंपनीने हीच रचना घेऊन तिच्यावर ‘श्रेक’ चढवलं. स्टुईच्या छोट्या पिनबॉलची मालकी गाढवाकडे गेली आणि भोवतालची चित्रं, आवाज, विनोद सगळे बदलले. प्रौढांच्या कार्टूनला जागा नसलेल्या कौटुंबिक ठिकाणीही यामुळे मशीन विकता आलं. शुद्धतावादी यावर चिडले, परंतु २००८च्या मंदीत कामगारांचे पगार निघण्यासाठी अशा युक्त्या लागल्या आणि त्या करण्यात काही गैर नव्हतं.

नंतरच्या काळात गिऱ्हाईकच बदललं. बारमालकाची जागा घरी मशीन ठेवणाऱ्या हौशी लोकांनी घेतली आणि छोट्या कंपन्यांना वाव मिळाला. विस्कॉन्सिनमधल्या बेंटन या लहानशा गावात एमरी कुटुंबाची स्पूकी पिनबॉल ही कंपनी आहे. तिने २०२०च्या सुरुवातीला ‘रिक अँड मॉर्टी’ जाहीर केलं. दारुडा शास्त्रज्ञ आजोबा आणि घाबरट नातू यांची ही मालिका साउथ पार्कच्याच जातकुळीची. स्कॉट डॅनेसीने बनवलेली ७५० मशिनं काढायची असं ठरलं होतं, आणि काही तासांत सगळी विकली गेली. हे मशीन नवख्यासाठी नव्हतं. वेगवान, निर्दयी, चूक झाली की बॉल थेट खाली. १९९९ मध्ये कमोड दाखवून माणसाला बोलवावं लागत होतं. आता येणारा माणूस पिनबॉल जाणून येत होता.

कीथ जॉन्सन स्टर्नमधून जर्सी जॅककडे गेला आणि त्याने ‘विझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘द हॉबिट’चे नियम लिहिले. ‘पिनबॉल पार्टी’त जमलेलं कार्यक्रमांचं चढत जाणं त्यांत अधिक विस्ताराने दिसतं. लॉलरही पुढे तिथेच गेला. २०१७ मध्ये त्याने ‘डायल्ड इन’ बनवलं. त्यात शहरावर एकामागून एक आपत्ती कोसळतात आणि खेळणाऱ्याने मोबाइल फोनच्या मदतीने ते वाचवायचं असतं. त्यावर सिनेमाचं नाव नाही, मालिकेचं नाही, कुठल्याही कार्टूनचा परवाना नाही. कथा लॉलरच्या स्वतःच्या डोक्यातली.